गायरानावर घर, तरी सदस्य?

प्रश्न : आमच्या वॉर्डातून निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्याचे घर गायरानात आहे. तो म्हणतो, अतिक्रमण वडिलांचे, माझे नाही. त्याचे पद जाऊ शकते का?

उत्तर : जाऊ शकते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-3) नुसार सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा अपात्र ठरतो. वडिलांची ढाल चालत नाही. जनाबाई प्रकरणात (2018) सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही अपात्र धरले. कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तक्रार नुसती बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) देऊन भागत नाही.

अर्ज बहुधा पुराव्यात मार खातात. फोटोत घर दिसते, गट नंबर दिसत नाही! म्हणून गायरानाचा सातबारा, तलाठ्याकडचा गाव नमुना 1-ई (अतिक्रमणांची नोंदवही) आणि घराचा ग्रामपंचायतीकडचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) चा उतारा जोडा. सगळ्यात वजनदार कागद भूमी अभिलेखच्या मोजणीचा : घर हद्दीच्या आत किती आहे, ते त्यात नकाशावरच दिसते. सदस्य तिथेच राहतो, हेही दाखवावे लागते; मतदारयादी, वीजबिल उपयोगी पडते. निकालावर अपिलाची मुदत 15 दिवसांचीच आहे.