रंगवा की राक्षस! – वाचकांचे प्रश्न (टेबलावरच्या खेळांतल्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी, रंगवण्याविषयी)

प्रश्न: दादा, गेल्या आठवड्यात ट्रोल राक्षसाच्या मिनीवर स्प्रे प्राइमर (रंगाआधीचं अस्तर) मारला, बाहेर धो धो पाऊस चालू होता पण मी गॅलरीत आडोशाला मारला, तर सगळी मिनी खरखरीत झाली, हात लावला की पावडर पडल्यासारखं वाटतं. आता फेकून देऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: फेकायचं काय त्यात! आडोसा असला तरी हवेतली ओल थोडीच थांबते, आणि कॅन लांब धरला असेल तर रंगाचे थेंब मिनीवर पोचायच्या आधीच अर्धे वाळतात आणि वाळूसारखे चिकटतात. आता कोरडा जुना टूथब्रश घ्या आणि हलक्या हाताने घासा, वरवरची भुकटी निघून जाईल. उरलं तर उरू द्या, ट्रोल आहे तो, त्याची कातडी गुळगुळीत कशाला पाहिजे? गोऱ्या चेहऱ्याची एल्फ राणी असती तर मी वेगळं सांगितलं असतं. पण जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात कॅन कपाटात ठेवा आणि ब्रशने लावायचा प्राइमर वापरा, पातळ दोन थर द्या आणि रात्रभर वाळू द्या. मॅट वार्निशचंही तेच, पावसात स्प्रे मारलात तर पांढरट धुकं बसतं आणि मग महिनाभराची मेहनत बघवत नाही.

प्रश्न: आऊलबेअर (अर्धा घुबड, अर्धा अस्वल असा राक्षस) रंगवतेय. सगळा तपकिरी केला, डिटेल खूप आहेत तरी टेबलावर ठेवला की नुसता मातीचा गोळा दिसतो. यूट्यूबवर तर आठ-नऊ रंग वापरतात, तेवढे घ्यायचे का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर: नको हो, एक पैसाही खर्च करू नका! ताई, तुमचा प्रॉब्लेम रंग कमी असण्याचा नाही, उजेड-अंधार कमी असण्याचा आहे. मिनी असते जेमतेम इंच-दोन इंचांची आणि खेळणारा बघतो हातभर लांबून, त्यामुळे खरी सावली पुरत नाही, ती आपणच रंगवायची. आहे त्या तपकिरीवर गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडा, तो केसांच्या आणि पिसांच्या खाचांत जाऊन बसेल, पोटावर वगैरे डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या नाहीतर चहाचा डाग राहील. मग पूर्ण वाळू द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण. त्यानंतर फिकट बदामी रंग ब्रशवर घेऊन टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उंचवट्यांवरून ब्रश फिरवा, यालाच ड्रायब्रश म्हणतात, आणि केसाळ प्राण्यावर ही ट्रिक इतकी भारी चालते की मला तर बाकी काही शिकवावंसंच वाटत नाही. खांदे-डोकं जास्त फिकट, पाय गडद. शेवटी चोचीवर पिवळसर आणि डोळ्यात एकच चमकता ठिपका, नजर तिथेच जाणार.

आणि "खरा रंग कोणता" या काळजीत पडू नका. आऊलबेअर, रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट (Bulette) हे तिघे राक्षस आले कुठून माहितीये? डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या एका जनकाने, गॅरी गायगॅक्सने, 1970 च्या दशकात हाँगकाँगची स्वस्त प्लास्टिक खेळणी घेतली होती, त्यातल्या विचित्र प्राण्यांवरून यांचा जन्म झाला. खेळण्यांच्या पाकिटातून आलेल्या जनावराला बर्फातलं पांढरं करा नाहीतर सह्याद्रीतल्या घुबडासारखं ठिपकेदार करा, कोण विचारणार?

प्रश्न: कॉलेजात आहे, पॉकेटमनी कमी. वायेहो, सिटाडेल हे मिनीचे खास रंग परवडत नाहीत, कॅमलचे ॲक्रिलिक चालतील का? – पुणे

उत्तर: चालतील, पण ट्यूबमधून थेट लावू नका, ते जाड असतात आणि सगळी नक्षी बुजवून टाकतात. पाणी घालून दुधाइतके पातळ करा आणि दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर वाळला की पुढचा. पिवळा आणि लाल झाकायला त्रास देतात, त्याखाली आधी फिकट गुलाबी किंवा बदामी लावा. पैसे घालायचेच असतील तर एक गडद वॉश आणि टोक न फाटणारा एक ब्रश यात घाला, बाकी सगळं जुगाडाने होतं. बेसवर बांधकामाची वाळू गाळणीने चाळून फेव्हिकॉलने चिकटवा, झकास दिसते. फक्त फेव्हिकॉलचं वार्निश करू नका, ओल लागली की पुन्हा चिकचिकीत होतं. आणि ब्रशचं टोक तोंडात घालून नीट करायची सवय असेल तर आजच सोडा.

प्रश्न: मऊ प्लास्टिकच्या ऑर्कची तलवार वाकडी आलीये, सरळ केली तरी परत वाकते. – कोल्हापूर

उत्तर: कडक गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, चिमट्याने धरून सरळ करा आणि तशीच धरून लगेच बर्फाच्या पाण्यात घाला. हे रंगवायच्या आधी करा. आणि भांड्यात साबण घालून तिथल्या तिथे मिनी धुऊनही घ्या, साच्याचं तेलकट राहिलं असेल तर प्राइमर धरत नाही.