वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत साधा मेसेज, जपानात लाइन, इथे व्हॉट्सअ‍ॅप

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत आणि पुतण्या जपानमध्ये राहतो. मुलीच्या शेजारणी एकमेकींना फोनवरचा साधा मेसेजच पाठवतात. पुतण्याचे म्हणणे, तिकडे लाइन नावाच्या अ‍ॅपवाचून पान हलत नाही. आपल्याकडे भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सचिवांपर्यंत सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन तेच असताना हा फरक का? आणि मीही तीन-तीन अ‍ॅप ठेवावीत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : हा फरक स्वभावाचा कमी आणि बिलाचा अधिक आहे. स्मार्टफोन हाती येत होते त्या काळात साधा मेसेज त्या-त्या देशात कितीला पडत होता, हे पाहिले की बरेचसे कोडे सुटते. अमेरिकेत २०१०च्या सुमारास मासिक प्लॅनमध्ये अमर्याद मेसेज सर्रास मिळू लागले होते, त्यामुळे वेगळे अ‍ॅप घेण्याची निकड तिथे भासली नाही. पुढे २०११ मध्ये अ‍ॅपलने त्याच मेसेजच्या खिडकीत आयमेसेज, म्हणजे आयफोनवरून आयफोनवर इंटरनेटने जाणारा मेसेज, आणले. त्यात आयफोनवाल्याला गेलेला मेसेज निळा आणि अँड्रॉइडवाल्याला गेलेला हिरवा दिसतो, आणि या रंगावरून तिथली शाळकरी मुले एकमेकांना चिडवतात.

आपल्याकडे चित्र उलटे होते. दिवाळी आणि नववर्षाला, म्हणजे शुभेच्छांचा पूर यायचा नेमक्या त्याच दिवशी, एसएमएस पॅक (स्वस्तात ठरावीक मेसेज देणारे रिचार्ज) लागू नसे आणि प्रत्येक मेसेजचे पैसे कापले जात. जाहिरातींचा उपद्रव थांबवण्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायने २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला आधी १०० आणि नंतर २०० मेसेजची मर्यादा घातली, तिचा फटका सामान्यांनाही बसला. देवनागरीत लिहिणाऱ्याला तर दुहेरी भुर्दंड होता : रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत अवघी ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची खोड आपल्याला लागली, तिला हेही एक कारण असावे, असे मला वाटते. अशा वेळी केवळ इंटरनेटच्या खर्चात हवे तेवढे लिहू देणारे व्हॉट्सअ‍ॅप लोकांनी उचलून धरले, आणि २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त होताच ते घरोघरी पोहोचले.

जपानची गोष्ट निराळी आहे. तिथे मोबाइल कंपन्या ग्राहकाला ईमेल पत्ता देत आणि लोक त्यावरूनच लिहीत. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर एसएमएस पाठवण्याची सोय २०११च्या जुलैपर्यंत नव्हतीच. त्याच वर्षी मार्चमध्ये मोठा भूकंप झाला, फोन लागेनासे झाले, आणि या अनुभवानंतर जूनमध्ये इंटरनेटवरून चालणारे लाइन सुरू झाले. चीनमध्ये वीचॅट आहे, कोरियात काकाओटॉक. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये तर बंदच आहे.

एकदा सगळी माणसे एका ठिकाणी जमली की पुढे दर बदलूनही कोणी हलत नाही. आज आपल्या बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, पण ते वापरतो कोण?

तीन अ‍ॅप ठेवण्याची आपल्याला गरज नाही. मुलीशी आणि पुतण्याशी व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलावे. परदेशी एसएमएसला वेगळा दर लागतो. पुतण्याच्या जपानी सासरच्यांशी वगैरे बोलण्याची वेळ आली, तरच लाइन घ्यावे. साध्या मेसेजकडे मात्र दुर्लक्ष नको : बँकेचे ओटीपी अजून तिथेच येतात, आणि इंटरनेट चालत नसलेल्या घाटातूनही थोडी रेंज असली तर एसएमएस जातो.