पिल्लं तिच्या घरची, जागरण तुझं

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारा वर्षांची मैत्री. त्या मैत्रिणीकडे दोन कुत्र्या आणि एक कुत्रा, नसबंदी एकाचीही नाही. मागच्या खेपेला ती एका कुत्रीला आणि तिच्या सहा पिल्लांना तुझ्या घरी ठेवून पंधरा दिवस गावाला निघून गेली. दोन पिल्लं पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराने तुझ्या डोळ्यांदेखत गेली, तिघांना तू घरं शोधलीस आणि ठकी तुझ्याकडेच राहिली. आता दोन्ही कुत्र्या गाभण आहेत आणि तिचा निरोप आलाय, ‘टेन्शन नाही, तू आहेसच.’ तू विचारतेस, ‘ताई, नाही म्हटलं तर मी निर्दयी ठरेन का?’

नाही ठरणार. पिल्लांसाठी रात्र रात्र जागणारी बाई निर्दयी कशी असेल? पण तू आहेस म्हणून तिला काही करावंच लागत नाही, हेही तितकंच खरं. दर वेळी पिल्लांची सोय झालेली तिला दिसते. ती सोय करताना तुझं काय झालं, हे तिने कधी पाहिलेलंच नाही.

माझ्याही हातावर एकदा असं एक पिल्लू होतं, जेमतेम दोन दिवसांचं. डोळे मिटलेले, अंग गार पडलेलं. मी घाईघाईने दुधाची बाटली शोधत होते. डॉक्टर म्हणाले, आधी ऊब द्या. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पदराखाली धरून बसले तेव्हा तासाभराने ते हललं. त्यामुळे ‘नाही’ म्हणताना तुझ्या पोटात कसा गोळा येत असेल, ते मला कळतं.

म्हणूनच बोलायचं ते आत्ता, व्यायच्या आधी. कुत्रीचे दिवस साधारण 63 असतात. पिल्लं झाली की तुझ्या तोंडून नकार निघणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. समोर बसून बोल, मेसेजवर नको. असं काहीसं म्हण: ‘या वेळी पिल्लं माझ्या घरी येणार नाहीत आणि खर्चही मी करणार नाही. आठ आठवडे ती आईजवळ, तुझ्याच घरी राहतील. त्यांना घरं शोधायला मी तुझ्यासोबत फिरेन, पण तुझ्या कुत्र्याची नसबंदी आधी होऊ दे.’ एवढंच. मागचे हिशेब काढू नकोस. ते काढलेस तर ती रडेल, तू तिची समजूत घालशील आणि मूळ विषय राहून जाईल.

पिल्लं तुझ्या घरी न आणायला आणखी एक कारण आहे आणि ते तिला जरूर सांग. पार्व्होचा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने तग धरतो. जिथे दोन पिल्लं गेली तिथेच लस न झालेली नवी पिल्लं आणणं धोक्याचं आहे.

कुत्र्याचं आधी म्हणतेय, कारण तो गाभण नाही! त्याचं ऑपरेशन आत्ताच होऊ शकतं, आणि ते कुत्रीच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं. फक्त त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तोवर त्याला वेगळं ठेवायचं. दोघी कुत्र्यांची नसबंदी पिल्लं अंगावरून सुटली की डॉक्टरांना विचारून करायची. त्यात चालढकल झाली तर पुढचा माज येतोच, साधारण सहा महिन्यांनी. आणि घरात राहिलेलं नर पिल्लू तोवर वयात आलेलं असतं. त्याला आई-बहीण कळत नाही.

दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, हे सगळं तिला एका कागदावर लिहून दे. दूध पाजणारी कुत्री थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर ते कॅल्शियम कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. त्याच तासाला डॉक्टरकडे न्यायचं. हेही लिही. मात्र कागद तिच्या घरी राहू दे आणि गजर तिच्या फोनवर लागू दे.

रात्री दोनला फोन आला, एखादं पिल्लू खरंच मरायला टेकलंय, तर? जा. मी तुला घरी बसून राहा असं सांगणार नाही. डॉक्टरांकडे ने, पण तिला सोबत घेऊन. आणि पहाटे पिल्लू तिच्याच घरी परत जाईल. तुझं दार त्या रात्री उघडलं, की ते पुन्हा बंद होणं अवघड आहे.

ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणारही नाही. बारा वर्षांची मैत्री एवढ्याने तुटेल असं मला वाटत नाही. आणि तुटलीच, तर तुला वाईट वाटेल, खूप वाटेल. तरी पिल्लं घेऊन येऊ नकोस. आया-पिल्लं उपाशी किंवा आजारी पडून असलेली दिसली, तर मात्र मैत्रीची भीड न धरता प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळव.

एक राहिलं. ठकी आता सात महिन्यांची आहे, असं तू लिहिलंयस. तिच्या नसबंदीचं काहीच लिहिलं नाहीस. राहिली असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे, आणि मैत्रिणीला विचार, ‘त्याच दिवशी तुझ्या कुत्र्यालाही घेऊन येतेस का?’

तुझी,
ताई