भुट्ट्याचा कीस: गोळा का होतो, आणि मुलांना द्यावा का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून इंदूरला आल्यावर सासरचा कीस (किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवतात तो) जमत नाही, गोळा होतो, दूध फाटतं. आणि चार वर्षांच्या मुलाला डब्यात द्यावा का.

स्वीटकॉर्न घेत असाल तर आधी ते बंद करा. त्यात पाणी आणि साखर जास्त, कीस गुळमट लागतो. श्रावण-भाद्रपदात मिळतो तो देशी भुट्टा हवा. दाण्यात नख रोवलं की पांढरा चीक यावा. नुसतं पाणी आलं तर कोवळा; नख रुतेचना तर जून, तो शेगडीवर भाजून खा.

मिक्सर नकोच. दाणा फार बारीक वाटला जातो, स्टार्च मोकळा होतो आणि दूध पडताच खळ होते. जाड किसणीवर किसा. तीन वाट्या किसाला चार मोठे चमचे तूप. फोडणीत मोहरी, जिरं, हिरवी मिरची, हळद आणि सढळ हिंग. मग मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं परता. कच्चा वास जाऊन कडेने तूप सुटलं, कीस मोकळा झाला की मगच वाटीभर गरम दूध, दोनदा करून. गोळा होतो तो बहुतेक या टप्प्यावरच्या घाईमुळेच. झाकून पाच मिनिटं वाफ द्या. मीठ शेवटी. लिंबू आच बंद केल्यावरच, दूध फाटतं ते लिंबू आधी पिळल्याने. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर.

दूध काही नुसत्या चवीसाठी नाही. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही शरीराला लागणारी अमिनो आम्लं कमी असतात, दूध ती उणीव भरून काढतं. मक्यातलं नियासिन (ब-३ जीवनसत्त्व) ही शरीराला सहज मिळत नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या लोकांत पेलाग्रा (नियासिनच्या अभावाचा आजार) होई तो यामुळेच. शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडं नियासिन बनवतं, म्हणून दुधाची जोड मोलाची. पिवळ्या दाण्यातली डोळ्यांना उपयोगी ल्युटिन, झियाझँथिन ही द्रव्यं शोषायला तूप लागतं. माळव्यात, म्हणजे इंदूरच्या परिसरात, पिढ्यान् पिढ्या ही सांगड चालत आली आहे; ती मोडून पाण्यात, बिनतुपाचा कीस करण्यात काहीच फायदा नाही.

मुलाला जरूर द्या, पण रोज नको. आठवड्यातून दोनदा, सोबत वरण किंवा मोड आलेले मूग. घरात कुणाला मधुमेह असेल तर कीस म्हणजेच जेवण समजा, त्यावर पोहे-जिलबी नको.

डब्यातल्या किसात लिंबू घालू नका. थंड झाला की तो घट्ट होतो, दोन चमचे दूध शिंपडून गरम करावा लागतो. लिंबू आधीच पडलं असेल तर ते दूधही फाटेल.