हतनूरच्या जलाशयासाठी जुनी फायबरची शिडाची बोट बघतोय, डेक पायाखाली दबतो. किमतीत किती कमी करून मागावं?

कारागिराने डेक बघून सांगितलेल्या दुरुस्तीच्या खर्चाच्या निदान दीडपट रक्कम कमी करून मागा, आणि दबणारी जागा डोलकाठीच्या बुडाशी असेल तर सरळ नाही म्हणा. भुसावळला मी फायबरच्या टाक्या आणि बोटी दुरुस्त करतो. अशा डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि ते लाकूड आतल्या आत कुजतं. नरम जागा हातभर दिसली तरी ओल बरीच पुढे गेलेली असते. आपल्याकडच्या मे महिन्यात बोट वरून ठणठणीत कोरडी वाटते, त्यावर जाऊ नका. खर्चात सामानापेक्षा मजुरीच जास्त: वरचा थर कापणं, कुजका भुसा खरवडणं, वाळवणं, नवा थर चढवणं, सगळं हातानं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वीत-वीत अंतरावर ठोकत जा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा आणि तेवढ्या सगळ्या जागेच्या दुरुस्तीचा भाव कारागिराला विचारा. हे मालकासमोरच करा, घासाघीस सोपी जाते. मात्र लहान बोटींचा डेक कधी कधी नुसत्या फायबरचा असतो. तो पातळ असल्याने थोडा लवतो, त्यात कुजायला लाकूडच नसतं, फक्त तडे तपासा.