एसडब्ल्यूडीवरून रॅम वाचायला कोअर थांबवावा लागतो का?

तुमचे प्रश्न दोन: एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर चालू असताना एसटी-लिंक डीबगरने एसडब्ल्यूडीवरून (दोन तारांच्या डीबग इंटरफेसवरून) रॅम वाचता येते का, आणि रॅमसारखं फ्लॅशमध्ये थेट लिहायला गेलं की मग सगळंच का अडतं.

वाचता येते, कोअर (प्रोग्रॅम चालवणारा प्रोसेसर) थांबवायची गरज नाही. कॉर्टेक्स-एममध्ये (या चिपमधल्या कोअरच्या घराण्यात) डीबग पोर्टच्या मागे मेमरी ॲक्सेस पोर्ट असतो आणि तो कोअरला न विचारता बसवर जातो. त्या पोर्टच्या टीएआर या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये पत्ता भरायचा, मग डीआरडब्ल्यू हे डेटाचं रजिस्टर वाचायचं किंवा लिहायचं. ओपनओसीडी या डीबग सॉफ्टवेअरच्या एमडीडब्ल्यू (वाचणं), एमडब्ल्यूडब्ल्यू (लिहिणं) या कमांड शेवटी हेच करतात. स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर जपा: डीआरडब्ल्यू वाचल्यावर हातात येतं ते आधीच्या वाचनाचं उत्तर, शेवटचं डीबग पोर्टच्या आरडीबफ या रजिस्टरमधून घ्यावं लागतं. पत्ता आपोआप पुढे सरकण्याची हमीही १ केबीच्या हद्दीपर्यंतच. पुढे जायचं तर टीएआर नव्याने भरा.

फ्लॅशचं प्रकरण वेगळं. दोन किल्ल्या (ठरलेले आकडे) लिहून फ्लॅशचा कंट्रोलर उघडायचा, पेज पुसायचं, पीजी (लिहिण्याची परवानगी देणारा) बिट लावायचा आणि १६-१६ बिटांनीच लिहायचं. तुम्ही सरळ ३२ बिट ढकललेत, बसने एरर दिली आणि डीबग पोर्टमध्ये ती चिकटून बसली. आता अबॉर्ट रजिस्टरमधून ती साफ केल्याशिवाय रॅमसुद्धा वाचू देणार नाही. लोक इथे केबल बदलत बसतात.

चालू कोअरवर ६४ बिटांचं व्हेरिएबल वाचलंत तर अर्धं जुनं, अर्धं नवं मिळू शकतं. तेवढ्यापुरतं थांबवा.

पेरिफेरलची (चिपमधल्या सिरियल पोर्ट वगैरे भागांची) रजिस्टरं मात्र उगाच वाचू नका. यूसार्टचं (सिरियल पोर्टचं) डेटा रजिस्टर वाचलं की आरएक्सएनई (‘नवा बाइट आलाय’ सांगणारा) फ्लॅग उतरतो, मग वाचणारा डीबगर का असेना. आमच्याकडे, रबाळे एमआयडीसीत, मॉडबस या सिरियल प्रोटोकॉलवर बोलणाऱ्या मीटरवर मधूनच बाइट गायब व्हायचे. सहकारी आरएस-४८५ च्या वायरीला आणि बाहेरच्या मशीनच्या नॉइजला शिव्या घालत होता. निघालं काय, तर त्याच्या आयडीईत यूसार्टची रजिस्टर विंडो सतत रिफ्रेश होत होती. बाइट तीच खात होती. विंडो बंद केली, मीटर सुरळीत. त्या रजिस्टरात काय आलं हे बघायचंच असेल तर इंटरप्टमध्ये बाइटची प्रत रॅममधल्या बफरमध्ये ठेवा आणि डीबगरने तो बफर वाचा.