वडिलांच्या दारात गाडी हवीच, पण सात वर्षांच्या हप्त्यांवर नको

प्रश्न : वय 26. डोंबिवली पूर्वेला आईवडिलांसोबत राहतो, नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत. पगार हातात 58,000 रुपये. घरात 15,000 देतो, माझा खर्च 12,000, एसआयपी 6,000. बँकेत 2.9 लाख आहेत. 9.6 लाखांची (ऑन-रोड) पेट्रोल गाडी पाहिली आहे. 1.6 लाख भरून उरलेल्या 8 लाखांचं सात वर्षांचं कर्ज घ्यावं म्हणतो. शोरूमवाले व्याज 5.3 टक्के सांगतात. वडिलांनी 31 वर्षं बेस्टची बस चालवली, पण स्वतःची गाडी कधी झाली नाही. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं दगावली, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर असतो. पाडव्याला गाडी घेऊ का?

उत्तर : या पाडव्याला, या कर्जावर घेऊ नका. पुढच्या पाडव्याला घ्या, पण वेगळी गाडी आणि वेगळ्या पद्धतीने.

आधी ते 5.3 टक्के. हा फ्लॅट दर आहे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र सातही वर्षं पूर्ण 8 लाखांवर मोजलं जातं. हिशेब करा: 8 लाखांचे 5.3 टक्के म्हणजे वर्षाला 42,400, सात वर्षांचे 2,96,800. हप्ता बसतो 13,057 रुपये. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर जवळपास साडेनऊ टक्के होतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च सांगणारा कागद) देणं बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर (शुल्कांसह कर्जाचा वार्षिक दर) म्हणून जो आकडा छापलेला असतो, तोच खरा दर. काउंटरवर कोणीही तोंडी दर सांगितला की तो कागद मागा.

हप्ता 13,057 असला तरी गाडी तेवढ्यावर चालत नाही. विम्याचे महिन्याला सरासरी 2,000 धरा, सर्व्हिसिंग आणि टायरचे 1,200, डोंबिवलीत भाड्याच्या पार्किंगचे 2,000. गाडी जागची हलली नाही तरी 18,000 गेले. फक्त रविवारी बाहेर काढली तर पेट्रोलचे 3,000. म्हणजे 21,000. तुमच्याकडे महिनाअखेर उरतात 25,000.

आणि रोज ऑफिसला नेली तर? जाऊन-येऊन 80 किलोमीटर, महिन्याला 22 दिवस. शीळफाटा किंवा मुंब्रा बायपासच्या कोंडीत लिटरला 14 किलोमीटर मिळाले तरी 125 लिटर लागतील. मुंबईत लिटरला 103-104 रुपये धरले तर पेट्रोलच 13,000 रुपयांचं. हप्त्याएवढाच दुसरा हप्ता! ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ आहे, म्हणून अनेकांना गाडीने ऑफिस परवडेल असं वाटतं. पण टोल हा त्या खर्चातला लहान भाग होता.

आईची भीती मात्र मी मनापासून समजू शकतो. त्या भीतीवर उपाय आजच करा. एसी लोकलचे दरवाजे बंद होतात. घाटकोपरपर्यंत एसी लोकल आणि तिथून मेट्रो, असा पास काढा. तुमच्या वेळेला एसी गाडी नसेल तर फर्स्ट क्लास घ्या आणि ऑफिसात तासभर वेळ मागेपुढे करून मागा. यासाठी जास्तीचे पैसे जातील ते जाऊ द्या, कंजुषी करू नका. गाडीच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत.

आता मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट. समजा तीन वर्षांनी गाडी चोरीला गेली किंवा पावसात पुरती निकामी झाली. (26 जुलै 2005 ज्यांनी पाहिला, ते मुंबईत ही शक्यता हसण्यावारी नेत नाहीत.) तेव्हा कर्ज सुमारे 5.2 लाख बाकी असेल. विमा कंपनी देते आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून ठरलेली किंमत. तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के घसारा लागतो, आणि तोही एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीच्या किमतीवर. तुमच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत 8.2 लाख धरली तर मिळतील 4.9 लाख, आणि तेही आधी बँकेकडे जातील. गाडी गेली, वर 30,000 देणं उरलं. कमी डाउन पेमेंट आणि लांब मुदत एकत्र आली की असं होतं. रोड टॅक्सचे 11 टक्के तर पहिल्याच दिवशी गेलेले असतात.

पुढे घर घ्यायचं मनात असेलच. 13,000 चा हप्ता चालू असला की घरकर्जाची पात्रता साधारण 15 लाखांनी घटते (साडेआठ टक्के, 20 वर्षं धरून). डोंबिवलीत 15 लाख म्हणजे एका खोलीचा फरक.

‘जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या’ असं शोरूमवाले म्हणत असतील. लहान गाड्यांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 ला 18 टक्क्यांवर आला, पण ती काही पाडव्यानंतर संपणारी सणाची सवलत नाही. त्याच दिवशी वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. वडिलांच्या विम्याबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही. नसेल तर गाडीच्या आधी तो घ्या. गाडी घेतल्यावर हातात 1.3 लाख उरतील आणि खर्च 45,000 वर जाईल. नोकरीत खंड पडला किंवा घरात कोणी आजारी पडलं, तर तीन महिनेही निघणार नाहीत.

मग वडिलांची गाडी? ती व्हायलाच हवी. पुढच्या महिन्यापासून बँकेत 18,000 ची रिकरिंग (दरमहा भरायची ठेव) सुरू करा, जणू गाडी दारात उभी आहे. वर्षात 2.16 लाख आणि वर थोडं व्याज जमेल. ही रिकरिंग दोनदा चुकली, तर हप्ताही चुकला असता हे वेळीच कळेल. आजच्या 1.6 लाखांसह हाताशी 3.8 लाख होतील. त्यात दीड लाखाचं दोन वर्षांचं कर्ज घाला. जुन्या गाडीला दर जास्त असतो, 13 टक्के धरला तरी हप्ता सुमारे 7,100. एवढ्यात सव्वापाच लाखांच्या आसपास तीन वर्षांची, एकाच मालकाकडची गाडी पाहता येईल. मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. बाकी 1.3 लाखांना हात लावू नका.

गाडी घेताना आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 यांशिवाय पैसे देऊ नका. जुनी चलानं फेडून घ्या. नाव बदलीचे फॉर्म 29 आणि 30 समोर बसून भरा.

आणि गाडी पाहायला जाताना वडिलांना घेऊन जा. 31 वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर बस हाकलेल्या माणसाला इंजिनची आणि क्लचची तब्येत आवाजावरूनच कळते. चाचणीला स्टिअरिंगवर त्यांनाच बसवा, आणि ‘ही नको’ म्हणाले तर दुसरी बघा.